निम्मे लोक घरी बसले, तर संसद कुणाची?

प्रश्न अंबाजोगाईच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं : युरोपियन संसदेच्या निवडणुकीत जेमतेम निम्मे लोक मतदान करतात, काही देशांत तर पाचातला एकच. मग ही संसद २७ देशांतल्या ४५ कोटी लोकांच्या नावानं कायदे करते ते कोणत्या अधिकारानं? टक्का घसरला की अधिमान्यता, म्हणजे लोकांनी मान्य केलेला राज्य करण्याचा हक्क, घसरते, असं सरळ लिहिलं तर चालेल का? आणि ५० टक्क्यांच्या खाली मतदान झालं तर निवडणूकच रद्द, असा नियम का करत नाहीत?

माझी नोकरी महसूल खात्यात झाली. त्यातला मोठा काळ तहसीलच्या निवडणूक शाखेत गेला आणि आता लातूरला मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे उत्तर थोडं पुस्तकातलं आणि थोडं मतदान केंद्रावरचं येईल. लांबेल, पण वाच.

आधी आकडे. युरोपियन संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ साली झाली. तेव्हा नऊ देश होते आणि मतदान झालं ६२ टक्के. तिथून दर खेपेला टक्का उतरत गेला. १९९९ मध्ये तो पहिल्यांदा पन्नाशीच्या खाली आला आणि २०१४ मध्ये ४२.६ वर पोचला. २०१९ मध्ये एकदम उसळून ५०.७ झाला, २०२४ मध्ये साधारण तिथंच टिकला. तू म्हणतेस तो पाचातला एक म्हणजे २०२४ चा क्रोएशिया, २१ टक्के. त्याहून वाईट आकडा २०१४ च्या स्लोव्हाकियाचा, १३ टक्के. उलट बाजूला बेल्जियम, ८९ टक्के. तिथं मतदान कायद्यानं सक्तीचं आहे.

आता हा आकडा शेजारी ठेव : २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान झालं ५० टक्क्यांच्या आसपास. युरोपच्या सरासरीइतकंच. दक्षिण मुंबईच्या खासदाराला लोकसभेत बोलायचा अधिकार आहे का, असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आपल्याकडं टक्का कमी आला की आपण मतदाराला आळशी म्हणतो. युरोपियन संसदेत कमी आला की संसदेलाच प्रश्न विचारतो. असं का होतं, याचा विचार केलास तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळेल. भारताच्या लोकसभेचं अस्तित्व कुणी वादात ओढत नाही, म्हणून तिला कमी टक्का परवडतो. युरोपियन संसद अजून अनेकांच्या मनात पुरती रुजलेली नाही, म्हणून तिला तोच टक्का महाग पडतो.

टक्केवारीवर विश्वास ठेवण्याआधी आणखी एक सवय लावून घे. छेदात काय आहे ते बघायचं. आमच्या शाखेत हे रोजचं काम होतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो आणि त्यात किती मतं पडली ते मोजून येतं. अंश पक्का असतो. गोंधळ असतो तो मतदार यादीत. मतदानाच्या आधी बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, घरोघर जाऊन गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची वेगळी यादी करतो, ती केंद्राध्यक्षाच्या हातात असते. पण त्या यादीत नाव आलं म्हणून मूळ यादीतून ते वजा होत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाची यादी उघड. चाकणला कंपनीत लागलेला पोरगा, हडपसरला नांदायला गेलेली लेक, चार वर्षांपूर्वी वारलेली आजी, सगळे तिथं सापडतील. पोराचं नाव पुण्यातही चढलेलं असतं, गावचं मात्र कुणी काढत नाही. गाव सोडल्याची नोंद करणं आईबापाच्या जिवावर येतं. मग संध्याकाळी ६२ टक्के म्हणून जो आकडा जातो, तो प्रत्यक्ष गावात असलेल्या माणसांमध्ये मोजला तर बराच वर जाईल.

युरोपातही हेच आहे, फक्त प्रमाण मोठं. रोमानिया आणि बल्गेरियातून कामासाठी पश्चिमेकडं गेलेल्यांची संख्या प्रचंड आहे. युरोपियन संघाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात राहत असताना तिथल्या उमेदवाराला मत देता येतं, ती सोय मास्ट्रिख्ट करारानं १९९३ पासून आहे. पण त्यासाठी तिथं नाव नोंदवावं लागतं आणि फार थोडे लोक ते करतात. परदेशात राहून मायदेशातल्या उमेदवाराला मत द्यायचं म्हटलं तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा. आयर्लंड आणि माल्टा यांच्या सर्वसाधारण मतदाराला परदेशातून मत देताच येत नाही. अशा माणसाला ‘उदासीन’ म्हणून मोजायचं का?

शिवाय १९७९ ची सरासरी आणि २०१४ ची सरासरी या एका जातीच्या नाहीत. पहिल्या नऊ देशांत बेल्जियम आणि लक्झेंबर्ग सक्तीचे होते, इटलीतही मतदान तेव्हा कायदेशीर कर्तव्य होतं. सरासरी तिथंच फुगलेली होती. २००४ मध्ये दहा नवे देश आले आणि पहिल्याच निवडणुकीत पोलंडमध्ये २१ टक्के, स्लोव्हाकियात १७ टक्के मतदान झालं. सरासरी पडली. त्यातला किती भाग जुन्या मतदारांचा रस आटल्यामुळे आणि किती नव्या देशांच्या भरतीमुळे, हे वेगळं केल्याशिवाय ‘युरोपचा विश्वास उडाला’ असं वाक्य लिहू नकोस. परीक्षकानं खोडलं नाही तरी ते कच्चं आहे.

तरीही छेद दुरुस्त करून सगळं भागत नाही. राष्ट्रीय निवडणुकीला येणारा माणूस युरोपियन निवडणुकीला येत नाही, हे खरंच आहे. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लिथुआनिया. २००९ मध्ये तिथं युरोपियन निवडणुकीला २१ टक्के मतदान झालं. २०१४ मध्ये ४७ टक्के, २०१९ मध्ये ५३ टक्के. वाटलं, देश जागा झाला. २०२४ मध्ये पुन्हा २९ टक्क्यांवर. मधे काय झालं? २०१४ आणि २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी नेमकी त्याच दिवशी होती. लोक राष्ट्राध्यक्ष निवडायला आले आणि जाता जाता दुसऱ्या पेटीतही मत टाकून गेले. २००९ आणि २०२४ मध्ये ती निवडणूक काही आठवडे आधीच उरकली होती.

फ्रान्समध्ये याचा उलटा प्रयोग झाला. ९ जून २०२४ ला युरोपियन मतदान ५१.५ टक्के. त्यात आपल्या आघाडीचा धुव्वा उडालेला पाहून राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी त्याच रात्री राष्ट्रीय संसद विसर्जित केली. ३० जूनला पहिली फेरी झाली तेव्हा ६६.७ टक्के लोक आले. तीच यादी, तीच शाळांमधली केंद्रं, तीन आठवड्यांचं अंतर. लोकांचा मतदानावरचा विश्वास तीन आठवड्यांत परत आला असं कुणी म्हणणार नाही. या वेळी सरकार कुणाचं हे ठरणार होतं, एवढाच फरक.

कार्लहाइन्झ राइफ आणि हेरमान श्मिट या दोन जर्मन अभ्यासकांनी १९८० मध्येच हे सांगून ठेवलं आहे. त्यांनी युरोपियन निवडणुकांना दुय्यम दर्जाच्या राष्ट्रीय निवडणुका म्हटलं. पणाला काही लागलेलं नसतं म्हणून लोक कमी येतात, जे येतात ते आपल्याच देशातल्या सत्ताधाऱ्यांना चिमटा काढून जातात, आणि छोटे पक्ष एरवीपेक्षा जास्त मतं खातात. पंचेचाळीस वर्षं हे निदान बऱ्याच अंशी टिकून आहे.

आपल्याला हे पटायला युरोपात जायची गरज नाही. आपल्याकडं उतरंड उलटी आहे एवढंच. ग्रामपंचायतीला ८५-९० टक्के मतदान आमच्या हाताखालून कितीदा गेलं. त्या दिवशी पुण्याहून गाड्या भरून मतदार येतात, जेवणाची सोय असते, खाटेवरच्या म्हाताऱ्याला उचलून आणतात. पाच मतांनी वॉर्ड जातो हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि सरपंच कोण झाला यावर घरकुलाच्या यादीपासून नळाच्या वेळेपर्यंत सगळं ठरतं. लोकसभेला तोच माणूस रविवार धरून सुट्टी मिळाली तर येतो. मतदाराला कळतं कुठं आपल्या मतानं काय हलणार आहे. तिथं तो येतो.

मग युरोपियन संसदेत काही हलत नाही का? हलतं, आणि खूप हलतं. तिथंच गोम आहे. या संसदेचे अधिकार वाढत गेले आणि मतदान घटत गेलं. मार्च १९९९ मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून संसदेनं कोंडीत पकडल्यावर जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालचा अख्खा युरोपियन आयोग, म्हणजे संघाचं एका अर्थी सरकारच, राजीनामा देऊन गेला. संसदेनं याआधी एवढा मोठा पराक्रम केला नव्हता. तीनच महिन्यांनी निवडणूक झाली, आणि त्याच वेळी टक्का पन्नाशीच्या खाली गेला. २००९ च्या अखेरीस लिस्बन करार लागू झाला, बहुतेक विषयांत संसदेला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या बरोबरीचा कायदे करण्याचा अधिकार मिळाला. पुढच्या निवडणुकीत नीचांक. म्हणजे नुसते अधिकार देऊन मतदार येत नाही. आपलं मत आणि सत्तेवर बसलेला माणूस यांच्यातला धागा त्याला डोळ्यांनी दिसावा लागतो.

तो धागा युरोपात फार लांब आणि गुंतागुंतीचा आहे. तू साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी मत दिलंस आणि कारखान्याचा चेअरमन मुंबईत ठरला, तर पुढच्या खेपेला तू जाशील का? इथं साधारण तसंच होतं. मतदार आपल्या देशातल्या पक्षाला मत देतो. तो पक्ष संसदेत जाऊन एखाद्या युरोपियन गटात बसतो, त्या गटाचं नाव मतदाराला बहुधा माहीत नसतं. कायद्याचा पहिला मसुदा मांडायचा अधिकार संसदेकडं नाही, तो आयोगाकडं आहे. आयोगाचा अध्यक्ष देशांचे प्रमुख सुचवतात आणि संसद त्याला मंजुरी देते. हे जवळ आणायचा एक प्रयत्न २०१४ मध्ये झाला : प्रत्येक गटानं अध्यक्षपदाचा चेहरा आधीच जाहीर करायचा, जिंकलेल्या गटाचा चेहरा अध्यक्ष. जाँ-क्लोद युंकर तसे झाले. २०१९ मध्ये सर्वात मोठ्या गटाचा चेहरा मान्फ्रेड वेबर होते. त्यांना बाजूला सारून देशप्रमुखांनी उर्सुला फॉन डेर लायन यांचं नाव पुढं केलं, ज्या कुठल्याच गटाच्या चेहरा नव्हत्या. संसदेनंही अखेर मान डोलावली, ३८३ मतांनी, म्हणजे लागणाऱ्या ३७४ पेक्षा नऊच जास्त. २०२४ मध्ये त्याच बाई आपल्या गटाचा जाहीर चेहरा म्हणून उतरल्या आणि ४०१ मतांनी पुन्हा निवडून आल्या. माझ्या मते २०१९ चा तो प्रकार अधिमान्यतेला कमी मतदानापेक्षा जास्त लागला. मतदार आला नाही हा एक भाग. आला आणि त्याला सांगितलेलं बदलून टाकलं, हा त्याहून वाईट.

इथं तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. टक्का कमी म्हणून संसदेचा कायदे करण्याचा अधिकार जात नाही. जगातली फारच थोडी सरकारं मग शिल्लक राहतील. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतं मिळाली, मतदान ६६ टक्के. एकूण मतदारांच्या पाचातला एक. २०२४ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाला जवळपास ३४ टक्के मतं, मतदान ६० टक्के, हिशेब तोच. दोन्ही ठिकाणी हरलेल्यांनी निकाल मान्य केला, पुढच्या निवडणुकीची तयारी सुरू केली. हरलेला नियम मान्य करतो का, यावर अधिमान्यता उभी असते. घरी बसलेला माणूस ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. स्लोव्हाकियात १३ टक्के मतदान झालं तेव्हा युरोपियन संघातून बाहेर पडायची मोठी चळवळ तिथं नव्हती.

पण कमी मतदानाची किंमत नसते असं मात्र समजू नकोस. ती नंतर चुकवावी लागते. ब्रिटनकडं बघ. १९९९ मध्ये तिथं युरोपियन निवडणुकीला फक्त २४ टक्के लोक आले, २०१४ मध्ये ३५-३६ टक्के. त्या वर्षी संघातून बाहेर पडा म्हणणारा यूकेआयपी हा पक्ष २७ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिला आला. एकूण मतदारांत धरलं तर दहातला एकही नाही. पण ‘देशात पहिला’ ही बातमी झाली आणि मोठ्या पक्षांच्या पोटात गोळा आला. जे घरी बसले होते त्यांनी बाहेर पडायला संमती दिली नव्हती, राहायलाही दिली नव्हती. २३ जून २०१६ च्या सार्वमताला मग ७२ टक्के लोक आले आणि ५२ विरुद्ध ४८ असा कौल लागला. रिकाम्या मैदानात जो उतरतो त्याचा आवाज मोठा वाटतो, आणि नंतर त्याच आवाजाच्या धाकानं निर्णय होतात.

किमान मतदानाचा नियम. वाचायला चांगला वाटतो. सर्बियात राष्ट्राध्यक्षपदासाठी ५० टक्क्यांची अट होती. २००२ च्या शरद ऋतूत एकदा, डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा आणि नोव्हेंबर २००३ मध्ये तिसऱ्यांदा निवडणूक त्या अटीपायी फुकट गेली. देशाला निवडलेला राष्ट्राध्यक्षच नव्हता. शेवटी २००४ मध्ये अट काढली तेव्हा कुठं निवडणूक पार पडली. इटलीत कायदा रद्द करणाऱ्या सार्वमताला अशीच अट अजून आहे. जून २०२५ मध्ये कामगार कायदे आणि नागरिकत्व यांवरचं सार्वमत ३० टक्क्यांच्या आसपास मतदानामुळे निष्फळ ठरलं. अशी अट असली की विरोधकाला ‘नाही’ म्हणून मत द्यायची गरज उरत नाही. त्यानं लोकांना घरी बसवलं की काम झालं. आपल्या भागात मतदाराला केंद्रापर्यंत येऊ न देण्याचे किती प्रकार आहेत ते तुला सांगायला नको. त्यांना कायद्यानं बक्षीस द्यायचं का?

आणि आपल्याकडं तर एकही मत न पडता खासदार होतो. एप्रिल २०२४ मध्ये सुरतला काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. तो खासदार कायदेशीर आहे, यात शंका नाही. पण तुझ्या टक्क्याच्या पट्टीवर त्याला कुठं बसवशील? बिनविरोध ग्रामपंचायतींचा तर आपण सत्कार करतो. काही गावांत त्यामागं खरा समजूतदारपणा असतो आणि काही गावांत सरपंचपदाची बोली लागलेली असते.

जास्त टक्का म्हणजे निरोगी लोकशाही, हेही लिहू नकोस. २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये ७१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि निकाल लागला साडेसहा हजार मतांच्या फरकानं. त्या टक्क्यामागं जागृती होती, तशीच आरक्षणाच्या वादावरून गावागावांत पडलेली फळीही होती. काही घरांनी एकमेकांच्या दुकानातून सामान घेणं बंद केलं होतं. रांगा मोठ्या होत्या, पण त्या रांगांत उभं राहणाऱ्यांचं मन काही मोकळं नव्हतं.

मला विचारशील तर अधिमान्यतेचा खरा प्रश्न किती आले नाहीत हा नसून कोण येऊ शकले नाहीत हा आहे. ज्याला यायचं नव्हतं त्याची गोष्ट वेगळी. ज्याला यायचं होतं आणि व्यवस्थेनं वाट ठेवली नाही, त्याच्यापुढं संसदेला मान खाली घालावी लागते. युरोपात घरी बसणाऱ्यांत तरुण, कमी शिकलेले आणि कमी पगारावर असलेले जास्त असतात. त्यामुळे ७२० खासदारांच्या सभागृहात कुणाची गाऱ्हाणी आधी ऐकली जातील ते निवडणुकीच्या रात्रीच ठरून जातं. आपल्याकडं एरवी गरीब माणूस जास्त निष्ठेनं मत देतो, पण त्याच्या आड येतं ते पोट.

ऊसतोडीचं बघ. २०१४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ ची २१ ऑक्टोबरला. दोन्ही दिवाळीच्या आधी. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, अजून गावातच होते. २०२४ ची झाली २० नोव्हेंबरला. गाळप हंगाम सुरू होत होता, पाटोदा, शिरूर, धारूर, केज या भागातल्या टोळ्यांची निघायची वेळ ती. मुकादमाची उचल अंगावर असलेला माणूस मतदानासाठी थांबला तर त्या दिवसाची मजुरी जाते, कधी ट्रकही निघून जातो. कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडातून तो एका दिवसासाठी परत येणार कसा? टपाली मतपत्रिका सैनिकाला मिळते, निवडणूक कर्मचाऱ्याला मिळते, ८५ वर्षांवरच्या वृद्धाला घरी मत देता येतं. ऊसतोड्याला काहीच नाही. फडावर नाव नोंदवावं तर चार महिन्यांत तो तिथं नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना मांडला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, गाडी तिथंच थांबली. शंका खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. उमेदवाराचा प्रतिनिधी बेळगावच्या केंद्रावर कसा बसणार, हा साधा प्रश्नही सुटलेला नव्हता.

परदेशातल्या भारतीयांची तऱ्हा अशीच. २०११ पासून त्यांना मताधिकार आहे, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. २०२४ मध्ये जवळपास १ लाख २० हजार जणांनी नाव नोंदवलं आणि मत दिलं तीन हजारांहूनही कमी लोकांनी, त्यातलेही बहुतेक केरळचे. हा टक्का काढलास तर अडीचच्या आत येतो. तो उदासीनतेचा म्हणायचा की विमानाच्या तिकिटाचा?

आता तू उत्तरात उपाय लिहिणारच, तर एक माहीत असू दे. मे २०२२ मध्ये युरोपियन संसदेनं ठराव केला की २८ जागा संपूर्ण संघाचा एकच मतदारसंघ धरून निवडाव्यात, म्हणजे माल्टाचा मतदार आणि जर्मनीचा मतदार एकाच यादीला मत देतील. प्रचार तरी सगळ्या देशांत एक होईल, अशी आशा. सदस्य देशांच्या सरकारांनी ते अजून मान्य केलेलं नाही. लहान देशांना भीती अशी, की आज माल्टाला सहा आणि जर्मनीला ९६ अशा वाटपात लहान देशाला लोकसंख्येच्या मानानं झुकतं माप आहे, ते या यादीत उरणार नाही. मला हा उपाय अर्धवट वाटतो. यादी एक झाली तरी त्या यादीतला पहिला माणूस आयोगाचा अध्यक्ष होईलच याची हमी जोवर करारात लिहिलेली नाही, तोवर लिथुआनियाच्या राजधानीतला, व्हिल्नियसचा मतदार राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची तारीख बघूनच घराबाहेर पडेल. २०२९ चा निकाल लागेल तेव्हा देशवार तक्ता काढ आणि आधी हे तपास, की कोणत्या देशात त्याच दिवशी दुसरी निवडणूक होती.